भाता नसलेली पेटी

मास्तरांनी पियानोच्या मागे हात घालून चाचपून पाहिलं. मग विचारलं, "याचा भाता कोठी हाय?"

"भाता नाही मास्तर. हा विजेवर चालतो."

"अन् लाइन गेली तं?"

"मग हा बंद. शेजारी तो लहान कीबोर्ड ठेवलाय ना, तो सेलवर चालतो."

मास्तर खुर्चीत टेकले. चांदूर बाजारात आमच्या गल्लीत कोणाकडे नवं वाद्य आलं की ते आधी मास्तरांना दाखवायचं, ही जुनी रीत. चाळीस वर्षं त्यांनी भजनी मंडळात पेटी धरली. वयाच्या नवव्या वर्षापासून सहा वर्षं मीही त्यांच्याच हाताखाली पेटी शिकले. पुढे शिक्षणासाठी बाहेर गेले, तिथे पियानो शिकले आणि दहा वर्षांनी परत आले. आता समोरच्या खोलीत वर्ग काढायचा होता. पाटी रंगवून आली होती, अजून भिंतीला टेकूनच उभी होती. तिच्यावर 'पियानो वर्ग' एवढंच लिहिलं होतं.

"पाटीवर पियानो लिवलं तू. घरात पियानो नाई," मास्तर म्हणाले.

हे मी स्वतःलाच कितीदा विचारलं होतं. तारांचा खरा पियानो म्हणजे भिंतीशी उभा राहणारा लहानातला लहान घेतला तरी दोनशे किलोच्या घरात जातो. आत दोनशेच्या वर तारा, त्या ताणून धरणारी लोखंडी चौकट आणि बाकी सगळं लाकूड. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जुलैत भिंतींना ओल येते. ते लाकूड उन्हाळ्यात आकसणार, पावसाळ्यात फुगणार, आणि दरवेळी सूर लावायला माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागणार. म्हणून मी साठवलेल्या पैशातून डिजिटल पियानो घेतला. पट्ट्या खऱ्या पियानोइतक्याच, अठ्ठ्याऐंशी: ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. मुख्य म्हणजे पट्टीला वजन आहे. हळू दाबली तर हळू वाजते, जोरात दाबली तर जोरात.

"दाबून पाहा मास्तर."

त्यांनी एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली, यावेळी अलगद. मग बोट तसंच ठेवून ऐकत राहिले. सूर विरत गेला आणि संपला.

"हा तं मरते," ते म्हणाले. "मी बोट उचललं नाई, तरी मेला."

पेटी आणि पियानो यांतला सगळ्यात मोठा फरक मास्तरांनी अर्ध्या मिनिटात पकडला होता. पेटीत हवा आहे तोवर सूर जिवंत, आणि त्याचा लहानमोठेपणा भात्याच्या हातात. पियानोत हातोडी तारेवर एकदा पडते आणि पुढचं आपल्या हातात उरत नाही. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं ही हातोडीची करामत बसवली, ती नेमकी यासाठीच की बोटाच्या दाबावर आवाज लहानमोठा व्हावा. पियानोचं मूळ इटालियन नावच 'हळू आणि जोरात' असं आहे.

"मग जो सूर टिकतच नाई, त्यावर पोट्टे गाईन कसे?" मास्तरांनी विचारलं. "पोट्ट्याचा गळा पक्का व्हाले धरलेला सूर लागते."

"म्हणून तर आधी गाऊन घ्यायचं आणि मग वाजवायचं."

"हे मीच शिकवलं तुले."

"तुम्हीच शिकवलंत."

इथवर भांडण नव्हतं.

परकं वाद्य, हा मुद्दा मास्तर काढतील असं मला वाटलं होतं. तो त्यांनी काढला नाही, उलट माझ्या हातात दिला. त्यांनी पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पांढरी एक हे." बोट बरोबर त्या पट्टीवर ठेवलं, जिला मी बाहेर दहा वर्षं 'सी' म्हणत होते. "कायी एक. कायी दोन. पांढरी चार. मायंदळ लांब हाय, पन घर तेच हाय."

आपल्याकडे ज्याला पट्टी म्हणतात ती सगळी याच घराची. वऱ्हाडातला कुठलाही भजनी बुवा पेटीवाल्याला "काळी एक धर" किंवा "पांढरी चारात घे" असं सांगतो, तेव्हा तो पियानोच्याच पाटावरचे आकडे बोलत असतो. अलेक्झांद्र दबँनं पॅरिसमध्ये १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं हवा भरायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हातभाता दिला, तेव्हा ती सतरंजीवर उतरली. भाता, सूर, बैठक सगळं बदललं. काळ्या-पांढऱ्यांचा क्रम तेवढा जसाच्या तसा राहिला. माधानला, ब्राह्मणवाड्याला, शिरजगावला, जिथे जिथे पेटी आहे तिथे पियानोचा पाट आधीच पोचलेला आहे, फक्त साडेतीन सप्तकांचा.

"आणि पेटीलाही परकी म्हणून बाहेर ठेवलंच होतं की," मी म्हणाले. "१९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर पेटीला बंदी होती."

"मले माहीत हाय. अन् ते लोकं येडे नव्हते." मास्तरांचा आवाज वर चढला. "पेटीत मींड नाई. अन् गांधार चढा असते. माह्या पेटीचा गांधार मी घासून घेतला होता, तुले आठवते का?"

आठवत होतं. दुपारची वेळ, पेटीची वरची फळी काढून ठेवलेली, मास्तरांच्या हातात ब्लेडचं पातं. पितळेच्या चिमुकल्या जिभेखाली कागदाचा कपटा सरकवून ते मुळाशी हलकेच खरवडत होते. मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. एकदा खरवडायचं, सूर परत बसवायचा, भाता मारून ऐकायचं, परत काढायचा. तंबोऱ्याशी जुळेपर्यंत तासभर गेला होता. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा थोडा वर बसतो. पियानोही असाच लावलेला असतो, आणि माझ्या या विजेच्या पियानोत ब्लेडनं खरवडायला काही नाही.

"मग याच्यावर कान कसा तयार होईन?"

याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते मास्तरांना तसंच सांगितलं. मी एवढंच करणार की वर्गात तंबोरा ठेवीन, आणि पहिले दोन महिने मूल जे गाऊ शकेल तेच वाजवील. त्याच्या घरच्या कीबोर्डवर आपोआप ताल वाजवणारी बटणं असतात, आयत्या धुना असतात, एका बटणात पट्टी बदलून देणारी सोय असते. यातलं काही वापरायचं नाही. एका शाळेत मी काही महिने शिकवलं, तिथे स्नेहसंमेलनासाठी वीस मुलांना एक गाणं तीन आठवड्यांत बसवून मागितलं. मी पट्ट्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवून ते बसवलं. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या काढल्या तर वीसपैकी एकालाही 'सा' सापडेना. पालकांना काय कबूल करायचं नाही, हे मी तिथे शिकले.

मास्तरांना हे आवडलं. लगेच त्यांनी पुढचा वार केला.

"पन तू त्याईले कागद वाचाले शिकवशीन. पाच रेघांचा."

"शिकवीन. पहिल्या दिवशी नाही, पण शिकवीन."

"कायले? आपल्या माधानचे गुलाबराव महाराज. नऊ महिन्यांचे होते तवा डोये गेले. चौतीस वर्षांचं आयुष्य. कागद पाह्यला नाई जलमात, अन् किती ग्रंथ सांगितले! सारं कानानं घेतलं. संगीतबी कानानंच घेतलं."

माधान आमच्याच तालुक्यात. या दाखल्यापुढे आमच्या भागात कोणी बोलत नाही. पण मला त्या क्षणी लुई ब्रेल आठवला. त्याचेही डोळे लहानपणीच गेले, आणि तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८२९ मध्ये त्यानं ठिपक्यांची लिपी छापली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच शब्दांसोबत संगीत होतं.

"मास्तर, आंधळा माणूस होता, कान तयार होता, तरी त्याला स्वर लिहायची सोय हवीशी वाटली. जे ऐकायला मिळत नाही, ते वाचून वाजवता येतं. तुमच्या मंडळात जी चाल कोणाला ठाऊक नाही ती तुम्ही कशी वाजवणार? आणि महाराजांनी सांगितलेलंही लिहून घेणारे होते, म्हणून तर आज आपल्या हाती आहे."

मास्तर काही बोलले नाहीत. आईनं चहा आणला. बाहेर संत्र्याच्या क्रेट भरलेली गाडी गेली तशी खिडकीची काच थरथरली आणि पियानोवर ठेवलेली पेन्सिल घरंगळली. आंबिया बहाराची शेवटची तोड चालू होती.

चहा पिताना फीचा विषय निघाला, आणि खरं भांडण तिथे झालं.

"किती घेशीन?"

"महिन्याला सहाशे. आठवड्याला दोन वेळा, अर्धा-अर्धा तास. एका वेळी एकच मूल."

"विद्या इकाची नसते बाई." मास्तरांनी बशी खाली ठेवली. "मी कोनाच्या बापाकून पैसा घेतला नाई. गुरुपौर्णिमेले नारय, बस."

"तुमची पाच एकर शेती होती मास्तर. मला हा पियानो आणि ही खोली यावरच दिवस काढायचेत."

"मंग नोकरी कर, अन् संध्याकाळी शिकव."

"दिवसभर थकून आलेली बाई संध्याकाळी सहा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याकडे लक्ष देईल का?"

हे मी जरा जोरात बोलले. मास्तरांनी मान फिरवली. पण मला अजूनही वाटतं की गावात शिकवायला बसणाऱ्यानं फी ठरवणं आणि ती मोकळेपणानं सांगणं हा शिकवण्याचाच भाग आहे. न सांगितलेली फी पुढे रुसवा होऊन बाहेर येते. महिन्यात चार वेळा गैरहजर राहिलं तर पैसे द्यायचे का? २० डिसेंबरला बहिरमची यात्रा भरते आणि महिनाभर चालते, तेव्हा अर्धी मुलं आजोळी पाहुणी असतात. मार्चमध्ये परीक्षा. मेमध्ये उकाडा, आणि कूलर लावला तर त्याच्या आवाजात सूर ऐकू येत नाही, म्हणून वर्ग सकाळी सातला. हे सगळं आधी बोलून ठेवावं लागतं. परवाच एक बाप म्हणाला, "बगीचा विकला की एकदम देतो." मी हो म्हटलं. बहाराला पैसे येणाऱ्या घराकडून दर महिन्याच्या पाच तारखेला फी मागण्यात अर्थ नाही. वर्षातून दोनदा द्या, पण किती ते आज ठरू द्या.

मास्तरांना हे पटलं नाही आणि पुढेही पटणार नाही. त्यांनी विषय सोडून दिला. मग जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मले एकच सांग. हे पोट्टं तुह्याजवळ चार वर्षं शिकलं. दोन्ही हातानं वाजवाले लागलं, कागद वाचाले लागलं. मंग कोनासंग वाजवीन ते?"

मी गप्प.

"माह्या हाताखालचं पोट्टं सहा महिन्यांत मंडळात बसते. चुकलं तरी टाय, मृदंग, खंजिरी त्याले सांभाळून नेते. राष्ट्रसंतांची प्रार्थना गावोगाव रोज संध्याकाळी होते, तठी पेटी लागते. कोनाचं वारलं, तठी पेटी लागते. तुह्या पियानोवाल्याले चांदुरात कोन बलावते?"

मी परीक्षांबद्दल सांगू लागले. लंडनच्या मंडळांच्या परीक्षा आता व्हिडिओ पाठवून घरूनही देता येतात, पायरीपायरीनं आठव्या श्रेणीपर्यंत. गांधर्व मंडळाच्या परीक्षा आहेतच, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, आणि त्या पेटीवर देता येतात. बोलता बोलता मला स्वतःलाच ऐकू आलं की हे उत्तर नाही. मास्तर सोबतीबद्दल विचारत होते आणि मी सर्टिफिकेटबद्दल सांगत होते.

मग मी ते बोलले जे पंधरा वर्षं बोलले नव्हते.

"मास्तर, मी तुमच्याकडे सहा वर्षं शिकले. माझा हात बरा होता, तुम्हीच म्हणायचात. मला कोणासोबत वाजवायला मिळालं?"

ते माझ्याकडे पाहत राहिले.

"माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला मुलगा मंडळात बसला. रात्रीचं भजन, पोरीच्या जातीनं कशाला जागायचं, असं घरचेही म्हणाले आणि मंडळातलेही. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकायचे आणि मांडीवर बोटं चालवायचे."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. आई रिकाम्या कपबशा उचलून आत गेली.

"मी बोलाले पायजे होतो," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, "मी बोललो नाई."

मला त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि बोललेलं परत घ्यायचंही नव्हतं. पियानोवर एक गोष्ट होते जी पेटीवर होत नाही, ती मी त्यांना सांगितली. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर अडकलेला, गाण्याला उरतो तो उजवा. पियानोवर दोन्ही हात मोकळे. आणि पाट एवढा लांब की एकाच पियानोवर दोन माणसं शेजारी बसून वाजवू शकतात, चार हातांनी. त्यासाठीच लिहिलेलं पुष्कळ संगीत आहे. शिष्यानं तीन स्वर वाजवावेत आणि गुरूनं खाली आधार द्यावा अशी अगदी सोपी गाणीही वाजवता येतात. पहिल्या दिवसापासून मूल एकटं वाजवणार नाही, निदान माझ्यासोबत तरी वाजवील. पुढचं मलाही दिसत नाही.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. माझी पहिली विद्यार्थिनी, वय वर्षं आठ. ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. तोंडात संत्र्याची फोड, बोटं चिकट. मी तिला हात धुवायला पाठवलं. परत आली तेव्हाही हाताला सालीचा वास होताच. नखं पाहिली, वाढलेली होती. वाढलेल्या नखांनी बोट गोल बसत नाही, आडवं पडतं. नेलकटर मी पियानोवरच ठेवते. कापली.

"घरी कीबोर्ड हाय का?" मास्तरांनी तिला विचारलं.

"हाव. दादाचा."

"बाईनं सांगल्याशिवाय हात लावशीन नको."

मला हसू आलं. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये फ्रान्स्वा कूपराँनं १७१६ च्या त्याच्या पुस्तकात हेच लिहिलंय: सुरुवातीच्या दिवसांत शिक्षक समोर नसताना मुलांनी वाजवू नये, हात बिघडतो. तो तर वाद्याची किल्लीच सोबत घेऊन जायचा. मास्तर पेटीला लहानसं कुलूप लावायचे आणि किल्ली जानव्याला बांधायचे, हे मला त्या क्षणी आठवलं.

मी मुलीला स्टुलावर बसवलं. पाय लोंबकळत होते, खाली पाट सरकवला. अंगठ्याला एक, करंगळीला पाच, दोन्ही हातांना तेच आकडे. मनगट पट्टीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मग म्हटलं, आता सा म्हण. मी पांढरी एक वाजवली. तिचा आवाज खाली अडकला.

"पांढरी एक नोको," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "हिचा गया कायी चारचा हाय. कायी चार दे."

एक बटण दाबून पांढरी एकच काळी चार करता आली असती. मी मुलीचं दुसरं बोट काळ्या चारवर ठेवलं, तिसरं काळ्या पाचवर. पुढचा गांधार वरच्या पांढऱ्या एकवर, चौथ्या बोटानं. सा, रे, ग. तिनं म्हटलं आणि मोकळं म्हटलं. मग वाजवलं. चौथं बोट घसरलं. पुन्हा वाजवलं.

मास्तर उठून तिच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले होते. मी पाहिलं तर त्यांचा डावा हात पियानोच्या कडेवर होता आणि पुढे-मागे, पुढे-मागे हलत होता. त्यांना ते कळत नव्हतं. मुलीनं तिसऱ्यांदा सा वाजवला, सूर विरू लागला तसा त्यांचा हात जोरात हलला, जणू हवा कमी पडली.

मग त्यांनाच ते दिसलं. त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"या हातानं काय करू?"

"खालची काळी चार धरा. आणि तिच्यावरची काळी दोन. सा आणि प. सूर मेला की परत दाबा."

त्यांनी दोन्ही पट्ट्या दाबल्या, आधी करंगळी, मग अंगठा. अंगठा काळ्या पट्टीवर ठेवलेला मी त्यांना आयुष्यात पाहिला नव्हता. मुलीनं सा वाजवला, रे वाजवला, चौथं बोट जपून टेकवत ग वाजवला, आणि वाजवता वाजवता आपणहून गायलाही लागली.

"गांधार चढा हाय याचा," मास्तर म्हणाले. हात त्यांनी उचलला नाही.